वणांसकट फोटो पाहिजे

मामलेदारांनी फोटो आधी जवळ धरला, मग लांब धरला, मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा जवळ धरला. समोर सगुणा बसली होती. तिच्या मागं तिचे वडील, म्हणजे सुभेदार, कवायतीला उभं राहिल्यासारखे ताठ उभे होते. स्टुडिओतून फोटो घेऊन कचेरीत आलेला मी दाराशी होतो.

"ही कोण?" मामलेदारांनी विचारलं.

"मी," सगुणा म्हणाली.

"तू कोण ते दिसतंय मला. ही फोटोतली कोण?"

"तीही मीच."

"मुली, सरकारी कागद आहे हा. खोटं बोलू नये," मामलेदार अगदी मायेनं म्हणाले.

मी खाली बघितलं. कारण ती फोटोतली बाई माझी होती. म्हणजे मी केलेली.

मी तेव्हा साताऱ्याच्या एका फोटो स्टुडिओत रिटचर होतो. रिटचर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा. प्लेटवर सगळं उलटं दिसतं. काळे केस पांढरे, पांढरा सदरा काळा. गालावर खड्डा असला, तर त्याची सावली प्लेटवर मोकळ्या काचेसारखी दिसते. त्या मोकळ्या जागेत सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक रेघा भरायच्या. जागा भरली की कागदावर खड्डा उठतच नाही. मी दिवसाला पाच-सहा तोंडं गुळगुळीत करत असे. त्याचाच मला पगार होता.

आणि तोंडांना तोटा नव्हता. देवी येऊन गेलेलं एकही माणूस नाही, असं घर आमच्याकडं शोधून सापडलं नसतं. मुलगी लग्नाची झाली की लोक तिला घेऊन आमच्या स्टुडिओत यायचे. वाईहून यायचे, कराडहून यायचे, फलटणहून यायचे. आमचे मालक अण्णा प्रत्येकाला छाती ठोकून सांगायचे, "आमच्या स्टुडिओतून देवीचा वण घेऊन आजवर कुणी बाहेर पडलेलं नाही!" फोटोत, असं म्हणायचं असायचं त्यांना. लग्नानंतर नवऱ्याला खरा चेहरा दिसायचाच. पण तक्रार घेऊन कुणी यायचं नाही, कारण नवऱ्याचाही फोटो आमच्याकडंच काढलेला असायचा.

त्यामुळं सगुणाचा फोटो काढला, तेव्हा मी काही विचारलं नाही. विचारायचं काय? वण होते, भरले. डाव्या भुवईत विळा लागल्याची खूण होती, तीही भरली. वर अण्णा म्हणाले, "ओठ जरा बघ रे दत्तू." मी ओठही बघितले.

सगुणा कराडजवळच्या एका गावची. घरी उसाची शेती. ती विश्रामबागच्या कॉलेजात राहून बी.एस्सी. झाली होती, आणि तेवढ्यावर थांबायला तयार नव्हती. उसावर एक रोग पडतो. ऊस बाहेरून हिरवागार दिसतो आणि आतून लाल पडून कुजतो. पिकांचे असले रोग शिकायला तिला विलायतेला जायचं होतं. एका युनिव्हर्सिटीनं घ्यायचं कबूलही केलं होतं. गावातल्या लोकांनी सुभेदारांना पारावर गाठून विचारलं होतं.

"सुबेदार, विलायतंत ऊस हाय का?"

"न्हाई."

"मग उसाचा रोग तिकडं कसा शिकवत्यात?"

"आरं, आपल्याकडं ऊसबी हाय आन रोगबी हाय. शिकवणारं न्हाईत. तिकडं नुसतं शिकवणारं हाईत," सुभेदार म्हणाले होते. पहिल्या लढाईत ते बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. समुद्राचं त्यांना भय नव्हतं. भय घरातच होतं.

सगुणाच्या आईनं एकाच अटीवर हो म्हटलं होतं. दुसरी लढाई नुकतीच संपली होती, बोटीवर बर्थ मिळायची मारामार होती. सगुणाला खटपटी करून एका बोटीवर बर्थ मिळाला होता. ती बोट गाठली तर जा. चुकली तर दिवाळीनंतर लग्न. मुलगा तिच्या मामानं फलटणकडं बघून ठेवलेला. सुभेदारांनी बायकोला तसा शब्द दिला होता, आणि सुभेदार शब्द फिरवणारा माणूस नव्हता. सगळं घोडं अडलं होतं पासपोर्टवर. फोटोच्या मागं मॅजिस्ट्रेटनं, म्हणजे आमच्याकडं मामलेदारांनी, 'हा फोटो याच व्यक्तीचा' असं लिहून सही करायची, मग कागद मुंबईला जायचे, मग मुंबई आपल्या सवडीनं पासपोर्ट देणार. बोट सुटायला महिनाभर होता.

"फॉर्मवर लिहिलंय, चेहऱ्यावर देवीचे वण, डाव्या भुवईत जखमेची खूण," मामलेदार म्हणाले. ते वाईचे. सरळ आणि घाबरट माणूस. "फॉर्मवर वण आहेत. खुर्चीत आहेत. फोटोत नाहीत. मी सही कशाच्या जोरावर करू?"

आम्ही स्टुडिओत परत आलो.

"आवं फोटूवालं," सुभेदार अण्णांना म्हणाले, "फोटू लय झ्याक हाय. पर ही माजी लेक न्हवं."

"सुभेदार, हीच तर कला आहे!" अण्णा म्हणाले.

"अण्णा," सगुणा म्हणाली, "मला नवरा नको आहे, पासपोर्ट पाहिजे. वण जसेच्या तसे ठेवा."

अण्णा कुणी थोबाडीत मारल्यासारखे स्टुलावर बसले. वण काढा म्हणून पाया पडणारी गिऱ्हाइकं त्यांनी खंडीभर बघितली होती. ठेवा म्हणणारं हे पहिलंच. "माझ्या स्टुडिओचा शिक्का आणि वर वण?" ते पुटपुटले. पण पुन्हा प्लेट घातली, पुन्हा फोटो काढला. मला सक्त ताकीद मिळाली: पेन्सिल लावायची नाही.

दरम्यान पहिल्या फोटोची एक प्रत सगुणाच्या आईनं कौतुकानं ठेवून घेतली. ती मामाच्या हाती लागली. मामानं ती फलटणला धाडली. तिकडून उलट टपाली पत्र आलं: मुलगी पसंत आहे, बघायला यायचीही गरज नाही, तिथी काढा. पसंत पडली ती माझी पेन्सिल होती, आणि संसार करायची पाळी सगुणावर येणार होती.

आता दुसऱ्या प्लेटचं काय झालं ते सांगतो. देवाशपथ, मी ठरवून काही केलं नाही. धूळबीळ बसलीय का ते बघायला म्हणून मी प्लेट डेस्कवर लावली. तेवढ्यात अण्णा एका जहागीरदाराच्या फोटोची गोष्ट सांगायला लागले. गोष्ट लांब होती. जहागीरदाराचं पोट फोटोत कसं कमी केलं, मग तो दुसऱ्या फोटोग्राफरकडं कसा गेला, तिथं ते पोट कसं परत आलं. मी "हं, हं" करत ऐकत होतो. गोष्ट संपली आणि मी खाली बघितलं, तर हातात पेन्सिल, आणि सगुणाचा डावा गाल लोण्यासारखा. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

मी कपाळाला हात लावला. पण नवी प्लेट मागायची तर अण्णांची बोलणी खावी लागली असती. लढाईपासून प्लेटा मिळायच्या बंद झाल्या होत्या, अण्णा त्या कुलपात ठेवायचे. मी म्हटलं, कोण एवढं बघतंय? छापून दिला.

मामलेदारांनी बघितला. चांगला मिनिटभर बघितला.

"सुभेदार, मुलीच्या एका गालावर देवी येऊन गेल्या आणि दुसऱ्यावर यायच्या राहिल्यात का?"

सुभेदार वळले. माझ्याकडं नुसतं बघितलं. बसऱ्याला ते असं बघत असतील तर समोरच्यानं खंदक सोडला असणार.

तिसऱ्या वेळी सगुणा माझ्यावर नजर ठेवायलाच येऊन बसली. आल्या आल्या माझ्या डेस्कवरच्या सगळ्या पेन्सिली गोळा केल्या, अगदी कानामागची सुद्धा, आणि आपल्या पिशवीत टाकल्या.

"काम कशानं करू?" मी म्हटलं.

"करू नका," ती म्हणाली. "तेच तर काम आहे."

फोटो निघाला. प्लेट धुतली, वाळवली. ती शेजारी पहाऱ्याला बसून. मी हात मांडीखाली घालून बसलो होतो. प्रिंट निघाली, तर काय! वण कुठंच नाहीत. सगळा चेहरा धुक्यात शिरल्यासारखा. सगुणा म्हणाली, "दत्तोबा, हे कसं?" मलाही कळेना. ती तडक उठून कॅमेऱ्यापाशी गेली आणि भिंगावरून बोट फिरवलं. भिंगावर जॉर्जेटचा तुकडा ताणून बांधलेला होता. अण्णांच्या मंडळींच्या जुन्या साडीचा. असला झिरझिरीत कपडा भिंगावर घातला की चेहरा मऊ येतो, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती.

"अण्णा, हे काय?"

"धूळ लागू नये म्हणून," अण्णा दुसरीकडं बघत म्हणाले.

मग मात्र सगुणाचा तोल गेला. "अण्णा, बोट सुटायला अठरा दिवस उरलेत. तिकडं माझ्या लग्नाची तिथी काढताहेत. पाच वर्षं मी हॉस्टेलात बायकांची बोलणी खाऊन शिकले, इंग्रजीतून अर्ज लिहायला एकटी शिकले, गोऱ्या साहेबांशी एकटी पत्रं लिहून भांडले. कुठं अडले नाही. आणि आता तुम्ही दोघं माझं तोंड चांगलं करून मला घरी बसवताय!"

तिचे डोळे भरले होते. पण ती रडली नाही, ओठ चावून उभी राहिली. मला फार लाज वाटली. अण्णांनाही वाटली असावी, कारण ते म्हणाले, "दत्तू, तू काढ. मला बघवणार नाही. मी चहाला जातो." आणि प्लेटांच्या कुलपाची किल्ली ठेवून खरंच टोपी घालून गेले.

मी कॅमेरा मागच्या अंगणात नेला. स्टुडिओत काचेचं छप्पर आणि पांढरे पडदे, उजेड गाळून येतो, तिथं सगळेच बरे दिसतात. अंगणात दुपारचं ऊन तिरकं पडलं होतं. भिंतीशी स्टूल ठेवलं. सगुणा बसली. सुभेदार ओरडले, "सावऽधान!"

"आबा, फोटो आहे, परेड नाही."

"मग हलू नगंस!"

एक, दोन, तीन. भिंगाचं झाकण परत लावलं. ही प्लेट मी पेन्सिलीशिवाय, जॉर्जेटशिवाय, देवाचं नाव घेऊन छापली. दोन प्रती. आणि बघतो तर तिरक्या उन्हानं कमाल केलेली. एकेक वण खोल, एकेकाची सावली काळीकुट्ट. भुवईतली खूण तर कालच विळा लागल्यासारखी. आयुष्यात इतका खरा फोटो मी काढला नव्हता.

सुभेदारांनी तो हातात घेऊन खूप वेळ बघितला. "लय वंगाळ आलीया," ते म्हणाले. "पर माजीच हाय."

आम्ही कचेरीत गेलो. मामलेदारांनी फोटो बघितला, सगुणाकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, इतकी काही वाईट दिसत नाही हो ती!"

मला हसावं की रडावं कळेना. तीन फोटो चांगली दिसते म्हणून वाया गेले, आता वाईट दिसते म्हणून अडणार. सुभेदारांच्या मिशा हलायला लागल्या. तेवढ्यात सगुणा उठली, टेबलापाशी गेली आणि चेहरा पुढं केला.

"साहेब, दिसण्याचं सोडा. वण मोजा."

"काय?"

"वण कमी-जास्त होत नाहीत. माझ्या तोंडावरचे मोजा, फोटोतले मोजा. जुळले तर सही करा. नाही जुळले तर मी फलटणला जाते."

मामलेदार लालबुंद झाले. परक्या, बिनलग्नाच्या मुलीच्या तोंडावरचे वण मोजायचे, तेही तिच्या सुभेदार बापासमोर! त्यांनी घाम पुसला. "मी... मी फोटोतले मोजतो. चेहऱ्यावरचे सुभेदारांनी मोजावेत."

मी खिशातलं भिंग मामलेदारांना दिलं. सुभेदार लेकीसमोर उभे राहिले आणि त्यांनी हजेरी सुरू केली.

"नाक!"

"चार," मामलेदार भिंगातून म्हणाले.

"चार! उजवा गाल!"

"थांबा, थांबा. नऊ."

"नऊ! डावा गाल!"

"सात."

"सात!"

कचेरीतले कारकून लेखण्या ठेवून दाराशी जमले. बाहेर सातबाऱ्यासाठी आलेले दोघे शेतकरीही आत डोकावले. कपाळाला गाडी अडली. सुभेदारांना अकरा दिसले, मामलेदारांना दहा.

"एक केसाखाली गेलाय," सगुणा म्हणाली.

"मग तो धरता येणार नाही," मामलेदारांना आता रंग चढला होता. "दहा. पुढं."

"हनुवटी! दोन!"

मामलेदारांनी भिंग पुसलं. पुन्हा बघितलं.

"फोटोत तीन आहेत."

सगुणाचा चेहरा पांढरा पडला. मी पुढं होऊन वाकून बघितलं, आणि माझ्या जिवात जीव आला.

"साहेब, तो वण नाही. धूळ आहे. फोटो काढताना प्लेटवर कण बसला, की कागदावर काळा ठिपका उठतो. मी एरवी पेन्सिलीनं भरून टाकतो. पण पेन्सिली यांच्या पिशवीत आहेत."

"मग मी आता काय करू?"

"मी तो पात्यानं खरवडून काढतो. आत्ता, तुमच्यासमोर."

मामलेदारांनी विचार केला. "काढा. पण एक. एकच."

मी धारेचं पातं काढलं. सुभेदारांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. "आरं गड्या," ते कानाशी म्हणाले, "त्यो एक सोडून पातं फिरलं, तर ह्यो हात घरला न्यायचा न्हाई." मी श्वास रोखून तो ठिपका काढला. दुसऱ्या प्रतीवरचाही काढला. आणि खरं सांगतो, त्याच्या शेजारचा वण इतका जवळ होता, हात इतका शिवशिवत होता, की सुभेदारांनी मनगट धरलं ते बरंच झालं.

मामलेदारांनी पुन्हा मोजलं. हनुवटी, दोन. त्यांनी दोन्ही प्रतींच्या मागं सही ठोकली, शिक्का मारला, आणि खुर्चीत मागं टेकून मोठ्यानं हुश्श केलं. दाराशी कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सगुणा वाकून त्यांच्या पाया पडली, मग सुभेदारांच्या. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दत्तोबा, तुमच्या पेन्सिली." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वण भरून मी किती मुलींना मांडवात पाठवलं होतं. वण न भरता कुठंतरी पाठवलेली ही पहिलीच.

पासपोर्ट बोटीच्या आधी तीन दिवस आला. सगुणा गेली. फलटणच्या पाहुण्यांना सुभेदारांनी स्वतः जाऊन सांगितलं, की मुलगी बोटीवर आहे, आणि तुम्हाला पसंत पडली ती आमच्या घरात कधी नव्हतीच. पाहुण्यांनी फोटो परत करायला नकार दिला म्हणे.

दीड-दोन महिन्यांनी तिचं पत्र स्टुडिओच्या पत्त्यावर आलं. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. थंडी फार आहे, जेवण अळणी आहे, प्रोफेसर चांगले आहेत, अभ्यास सुरू झाला. शेवटी लिहिलं होतं: 'बंदरावर उतरल्यावर गोऱ्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला, शिक्का मारला, आणि "पुढचा" म्हणाला. फोटोकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.'

अण्णांनी पत्र खाली ठेवलं. "दत्तू, म्हणजे माझा पहिला फोटो चालला असता!"

पुढं चाळीस वर्षं मी हाच धंदा केला, हजारो पासपोर्ट फोटो काढले, आणि एक गोष्ट पक्की शिकलो. कागद तपासणारा माणूस सहसा कागद बघत नाही. मात्र ज्या दिवशी कागद खोटा असतो, नेमका त्याच दिवशी तो चष्मा पुसून बसलेला असतो.